टेस्टिंगवाले काका

चाकणच्या एमआयडीसीत एअरबॅग नाहीतर सीटबेल्टच्या इग्नायटरचे टेस्टिंग करणारे काका भेटले, तर त्यांना कधी विचारू नका, "पीस चांगला आहे ना?" काका चष्म्यावरून बघतात. "उडवल्याशिवाय कसं सांगू? आणि उडवल्यावर सांगून काय उपयोग?"

यात विनोद नाही, नोकरी आहे. गाडीत बसणारा पीस उडवून बघता येत नाही; त्याच्या लॉटमधली भावंडं उडवायची आणि त्याच्यावर भरवसा ठेवायचा. हजारात फार तर एक फसेल असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायचं, तर ओळीनं २,९९५ पीस उडवावे लागतात, एकही न फसता. एवढी दिवाळी पर्चेसला परवडत नाही. म्हणून काका ब्रूसटन पद्धतीचे भक्त. पीस उडाला की पुढच्याला करंट एक पायरी कमी, नाही उडाला तर एक पायरी जास्त. निम्मे उडतील तो करंट असा थोडक्या पिसांत सापडतो. बाकी गणित. (हजारातल्या त्या एकाबद्दलचं गणित जरा श्रद्धेचंच; पण हे काकांसमोर बोलू नये.)

काका मिसळसुद्धा याच पद्धतीनं खाऊ घालतात. ठसका लागला की पुढच्याला तर्री एक डाव कमी, नाही लागला तर एक डाव जास्त. नोंद वहीत. मात्र रोज नवा ट्रेनी लागतो. न उडालेला पीस पुन्हा वापरायचा नसतो, करंट खाऊन त्याचा स्वभाव बदललेला असतो. कँटीनमध्ये काका दिसले की हल्ली ट्रेनी डबा आणल्याचं सांगतात.

पण काकांचा खरा जीव न उडण्यावर. १.२ अँपिअर दोन मिलिसेकंद दिले की उडालाच पाहिजे, हे कुणीही सांगेल. ०.४ अँपिअर दहा सेकंद देऊन ढिम्म बसला, की काकांचा चेहरा खुलतो. अंगातल्या स्टॅटिकची त्यांना एवढी धास्ती, की मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय पिसाला हात लावत नाहीत. घरी नातवाला उचलण्याआधी नळाला हात लावतात. सून आता काही बोलत नाही.

तुमच्या गाडीत एअरबॅगचा दिवा पेटला, तर साधा मल्टिमीटर घेऊन इग्नायटर मोजायला बसू नका. काकासुद्धा त्यासाठी मोजके मिलिअँपिअर सोडणारा वेगळा मीटर वापरतात. गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.