शिस्तीची बदली

तिसरी 'ब'वर बदलीच्या बाई आल्या आणि वर्गाचे सोने झाले. समास पट्टीने आखला नाही, तर वही परत. पाणी प्यायचे, तर हात वर करून कारण सांगायचे. तहान हे कारण चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे. बाई कायद्याचा मान राखून नुसते डोळे वटारतात. यापुढे शिंकेसाठीही पालकांच्या सहीचा अर्ज घ्यावा, ही नम्र सूचना मांडायला पालकसभेत उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "आधी हात वर!" आम्ही सगळ्यांनीच केले.

मूळ बाईंची रजा बाळंतपणाची आहे. ती कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत असते.