बारा घरांची पत्रिका

जमिनीलाही पत्रिका असते, हे शेतकऱ्याला 2015 साली कळलं. त्या वर्षीच्या 19 फेब्रुवारीला राजस्थानातल्या सुरतगडला जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. माणसाच्या कुंडलीत घरं बारा, इथं तपासण्याही बाराच: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मंगळ नाही, पण मंगल आहे. योग बरा म्हणायचा.

पत्रिका मांडायची रीत मात्र न्यारी. योजनेच्या मूळ नियमात बागायतीला अडीच हेक्टरमागे मातीचा एक नमुना आणि जिरायतीला दहा हेक्टरमागे एक. म्हणजे पंचवीस एकरांत एकाच्या रानातली माती उचलायची आणि चौकटीतल्या सगळ्यांचं भविष्य तिच्यावर वर्तवायचं. शेजारच्या पोराच्या जन्मवेळेवर आपल्या पोराचं लग्न जुळवायला गावचे जोशीबुवाही धजणार नाहीत.

आता ही पत्रिका कुरकुंभला नेऊ. दौंड तालुक्यातलं हे गाव. पुणे-सोलापूर महामार्गाला दौंड-बारामती रस्ता इथंच छेदतो. गावात फिरंगाई देवीचं ठाणं आणि शेजारी रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. सांडपाण्याने विहिरी बिघडल्याची आसपासच्या शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. त्यांचा प्रश्न चार शब्दांचा: हे पाणी पिकाला देऊ? पत्रिका क्षारता सांगते, पण ती मातीची. कारखान्याच्या नळीतून काय आलं, हा ग्रह बारापैकी एकाही घरात बसत नाही.

ग्रहमान बिघडलं की नाव बदलावं, असं अंकशास्त्रवाले सांगतात. राज्य सरकारने ते मनावर घेतलं. असा प्रश्न ज्याला विचारायचा, त्या कृषी सहायकाचा 2025 साली ‘सहायक कृषी अधिकारी’ झाला आणि कृषी पर्यवेक्षकाचा ‘उप कृषी अधिकारी’. पद तेच, गावंही तीच. बांधावर आता साहेब येणार, एवढाच फरक.

कुरकुंभहून पुढे बारामतीत तर ज्ञान आकाशातून उतरतं. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊस प्रयोगात उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर मिळून उसाला पाणी कधी आणि किती द्यायचं ते मोबाइलवर सांगतात. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनीही त्याचं कौतुक केलं. उसाची तहान अंतराळातून दिसू लागली, ही काही लहान गोष्ट नव्हे. कुरकुंभच्या विहिरीत डोकावणारा उपग्रह तेवढा सोडायचा राहिलाय.

शेतीचं खरं लांबलचक शिक्षण मिळतं ते खत-औषधांच्या दुकानदाराला. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने त्याच्यासाठी 2003 पासून पदविका चालवली आहे. आठवडे अठ्ठेचाळीस: चाळीस वर्गात, आठ शिवारफेरीला, तेही रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीदिवशी, म्हणजे गल्ल्याला धक्का नको. शेतकऱ्याच्या वाट्याला एक दिवसाचं शिबिर, हार-तुरे, दीपप्रज्वलन आणि जेवणानंतरचं सत्र, ज्यात वक्ता सोडून सगळे पेंगतात.

त्यामुळे चार शब्दांचा तो प्रश्न शेवटी दुकानाच्या काउंटरवर येतो. दुकानदार पत्रिका मागत नाही. पिवळं पडलेलं पान उलटंपालटं करतो, “पाणी जड झालंय, दादा,” म्हणतो आणि एक बाटली पुढे सरकवतो. पैसे ऊस गेल्यावर.