पार्ट फाइव्ह कुणाकडे आहे?

माणसाने आयुष्यात एकदा तरी सात तुकड्यांत कापलेली फाइल उतरवून घ्यावी. अंगातला माज जातो. पहिले चार तुकडे निमूट येतात. सहावा येतो, सातवाही येतो. पाचव्यावर टिचकी मारली की कोऱ्या पानावर एकच ओळ उमटते : ही फाइल आता अस्तित्वात नाही. आणि त्या 'रार' नावाच्या गाठोड्याचा स्वभाव असा, की पाचवा हजर झाल्याशिवाय बाकीचे सहा तोंड उघडत नाहीत. २००९-१० च्या सुमारास आमच्या बदलापुरात कट्ट्यावर, क्लासबाहेर, कर्जत लोकलच्या दारात पोरं एकमेकांना हळू आवाजात विचारायची, "पार्ट फाइव्ह कुणाकडे आहे रे?" शेजारी उभ्या काकांना वाटायचं, पेपर फुटलाय.

खटाटोप होता क्रिकेटचा. ईए स्पोर्ट्सने 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आणला आणि त्यानंतर क्रिकेटकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. त्यातही रीतसर परवाना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडपुरता. आपल्या मंडळींना खऱ्या नावाने मैदानात उतरायची मुभा नव्हती. पुढे दीड वर्षाच्या आत, १८ एप्रिल २००८ ला, आयपीएल सुरू झाली. गेममध्ये ना मुंबई इंडियन्स, ना कोहली, ना चौकारानंतरचा नाच. कंपनीने हात वर केले म्हटल्यावर ठिकठिकाणच्या अत्यंत हुशार आणि तितक्याच रिकाम्या पोरांनी काम हातात घेतलं. ह्यांना मॉडर म्हणतात. जर्सी, बॅटवरचे स्टिकर, वानखेडेवरचं गवत, धोनीचे कापलेले केस, सगळं घरी बसून आणि फुकट. दर मोसमाला नवा पॅच. कोहलीची दाढी वाढली की तीही पॅचमधून घरपोच.

पोरं ग्राफिक्समध्ये पक्की, व्यवहारात कच्ची. पॅच ठेवायचा कुठे? तर स्वतःची साइट काढायची, तीही फुकटच्या नाहीतर अगदी स्वस्तातल्या होस्टिंगवर. अशा होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट दाटीवाटीने नांदतात. एका टाकीवर साठ फ्लॅट, चौथ्या मजल्यावर लग्न निघालं की बाकीच्यांच्या नळाला नुसती फुसफुस, तशातली गत. आयपीएलच्या पहिल्या आठवड्यात सगळे एकदम नवा पॅच ओढायला धावायचे आणि पानावर '५०९' हा आकडा लटकायचा. अर्थ एवढाच, की ह्या महिन्याची बँडविड्थ संपली, पुढल्या महिन्यात या. पुढल्या महिन्यात मुंबई इंडियन्सचे निम्मे सामने खेळून झालेले असत.

ह्यातून साइट वाचलीच तर दुसरं विघ्न म्हणजे तिचा अॅडमिन. मालक, तंत्रज्ञ, खजिनदार आणि शिपाई असा एकच मुलगा, आणि तो बारावीला. फेब्रुवारीत साइट हलत नाही, कारण आईने मोडेम कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावलेली. डोमेनचं वार्षिक भाडं बाबांच्या कार्डावरून जायचं. कार्डाची मुदत संपायची, नूतनीकरणाच्या सूचना बाबा कधीच न उघडणाऱ्या मेलवर साचायच्या, आणि दोनेक महिन्यांनी त्याच पत्त्यावर क्रिकेटच्या जागी ऑनलाइन जुगाराचा अड्डा थाटलेला दिसायचा. मी कितीतरी साइटचे असे दिवस घातलेत.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे दुःख जड जातं. आम्हाला नाही. अंबरनाथ-बदलापूरचा माणूस डाउनटाइमला जन्मतः सरावलेला असतो. शुक्रवार हा ह्या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार, म्हणून तारांची आणि जलवाहिन्यांची दुरुस्ती नेमकी शुक्रवारी निघते. साइट अमेरिकेत बंद पडलीय की आपल्याकडेच दिवे गेलेत हे ठरवायला आधी पंख्याकडे बघायचं, मग मोडेमकडे, आणि शिव्या नंतर. त्या काळच्या ब्रॉडबँड योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडला पैसे पडत नसत. आमच्या सोसायटीत पाणीही पहाटेच यायचं. चार वाजता आई स्वयंपाकघरात, मी पडद्यासमोर. "कुठवर आलं?" "अर्धं झालंय." "मधेच बंद नको पडायला." "पडेल असं वाटतंय." ह्यातलं कोण पाण्याबद्दल बोलतंय आणि कोण पार्ट थ्रीबद्दल, हे पलंगावरच्या बाबांना कधी कळलं नाही. आम्हालाही त्याने फरक पडत नव्हता.

ज्यांना स्वतःची साइट झेपत नसे ते मोठ्या गोदामांत माल ठेवत : मेगाअपलोड, रॅपिडशेअर. पैसे न देणाऱ्याला ही गोदामं मिनिटं मोजत ताटकळत ठेवायची, पण निदान माल सुरक्षित आहे अशी समजूत होती. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकेच्या न्यायखात्याने मेगाअपलोडला टाळं ठोकलं. तिकडे न्यूझीलंडमध्ये पोलिस हेलिकॉप्टरमधून मालक किम डॉटकॉमच्या बंगल्यावर उतरले. सिनेमे-गाण्यांच्या चोरीतून ५० कोटी डॉलरचं नुकसान केल्याचा आरोप. अंबरनाथ पूर्वेच्या एका मुलाने दोन महिने खपून बनवलेले वानखेडेचे फ्लडलाइटही त्या धाडीत गेले, ह्याची आरोपपत्रात नोंद नाही. रॅपिडशेअरने ३१ मार्च २०१५ ला आपणहून गाशा गुंडाळला. गेमच्या फाइलींचं गोदाम असलेल्या गेमफ्रंटने ३० एप्रिल २०१६ ला.

मॉडरांचा एक गुण सांगितलाच पाहिजे. गेम ईएचा, जर्सीवरची चिन्हं संघमालकांची, चेहरे खेळाडूंचे. ह्यातलं एकही कुणाला विचारून घेतलेलं नाही. पण पॅचबरोबर येणाऱ्या 'रीडमी'त ठळक अक्षरांत बजावलेलं असतं, की माझ्या लेखी परवानगीशिवाय हे काम दुसरीकडे चढवलंत तर परिणाम वाईट होतील. पोरं भाबडी, ती हे पाळायची. मग साइट बुडाली की पॅच आपल्या सर्व हक्कांसकट तळाशी. २०२१ मध्ये नेक्सस मॉड्स ह्या बड्या साइटने नियम केला, की यापुढे मॉडरला आपली फाइल कायमची पुसता येणार नाही, फार तर ती नजरेआड ठेवली जाईल. ह्यावर केवढा गहजब झाला! मुदत संपायच्या आत पुष्कळांनी आपापलं सामान उचलून नेलं. फुकट वाटलेलं परत मागण्यात जो अभिमान असतो तो विकलेल्या वस्तूत कुठून येणार.

हल्लीची पोरं एसटीत रमतात. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाइलवरचा गेम २०१७ मध्ये आला. त्यात आपल्या पसंतीची बस घालता येते, आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी ह्या सवलतीचा असा फायदा घेतला, की जावा बेटावर लालपरी आणि शिवशाही धावू लागल्या. माझा भाचा रोज संध्याकाळी विठ्ठलवाडी आगाराची पाटी लावून सुराबायाला जाऊन येतो. पण रोग जुनाच. व्हिडिओखाली लिंक, तिचा पासवर्ड व्हिडिओच्या मध्यावर डोळा लवेपर्यंत दिसणारा, आणि एवढं करून पोहोचावं तर उत्तर मिळतं, फार लोकांनी ही फाइल उतरवली आहे, उद्या बघा. "मामा, आता काय करायचं?" मी काय सांगणार? खऱ्या आगारात निदान चौकशीची खिडकी असते.

आमच्या वेळी चौकशीची खिडकी दोन स्टेशनं अलीकडे होती. उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांचं घर झाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिचं नाव उल्हासनगर ठेवलं, तरी लोक पत्ता सांगताना अजून कॅम्पचा नंबर सांगतात. एक ते पाच. पाचवा कधीच गहाळ झालेला नाही. ज्यांचं असल सगळं सीमेपलीकडे राहिलं त्यांनी इथे लागेल ते पाहून पाहून पुन्हा बनवलं आणि त्यावर 'मेड इन यूएसए' लिहिलं. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मला तिथल्याच मंडळींनी मोठ्या अभिमानाने ऐकवलाय.

तिथे बाजारातल्या एका आतल्या गल्लीत संगणक-दुरुस्तीचं दुकान होतं. शेठ स्वतः गेम खेळत नसत. कुणी पोराने पीसी दुरुस्तीला टाकला की ते त्यातलं क्रिकेटचं फोल्डर शांतपणे आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेत. रीडमीतल्या धमक्या त्यांनी कधी वाचल्या नाहीत, इंग्रजीचा कंटाळा. पार्ट फाइव्ह त्यांच्याकडे असायचाच. वेगवेगळ्या पोरांच्या पीसीतून आलेल्या त्याच्या तीन-तीन प्रती असायच्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये 'लॉक्स' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्याचं तत्त्व हेच : पुष्कळ ठिकाणी पुष्कळ प्रती ठेवा, एक गेली तरी दुसरी राहते. स्टॅनफर्डवाल्यांची त्याबद्दल वाहवा झाली. शेठना मात्र पोलिस निघालेत अशी कुजबुज कानावर आली की शटर ओढावं लागे. तरी सांगतो, साऱ्या इंटरनेटच्या जुन्या पानांचा सांभाळ करणारं इंटरनेट आर्काइव्ह ऑक्टोबर २०२४ मधल्या हल्ल्यानंतर कित्येक दिवस धड चालत नव्हतं. शेठ चेटीचंडला तेवढे बंद असत.

वानखेडेच्या फ्लडलाइटवाला तो अंबरनाथचा मुलगा म्हणजे माझा मित्रच. मेगाअपलोडवरची प्रत गेली तेव्हा घरची डिस्क आधीच जळालेली होती. तो फार दिवस गप्प गप्प होता. शेवटी एका रविवारी त्याला ओढत शेठकडे नेला. शेठनी डिस्क जोडली, फोल्डरात फोल्डर उघडत गेले, आणि पडद्यावर वानखेडे झगमगलं.

"पचास रुपया."

"शेठ, ये मैंने ही बनाया है," मित्र कळवळून म्हणाला.

शेठनी त्याला चष्म्यावरून नीट न्याहाळलं. असं सांगणारे त्यांच्याकडे रोज येत असावेत.

"तो फिर तेरेको तो मालूम है, ओरिजिनल माल है," ते म्हणाले. "चल, चालीस दे दे."