गाडी गेली, हिशेब कळवणेस कारण की

एडिसन, न्यू जर्सी

ती. अप्पांस,


पत्रास कारण की, काल शहापूरहून मामांचा फोन आला. आसनगाव स्टेशनापासून पार किन्हवलीपर्यंत बातमी गेली आहे म्हणे, की आमच्या गाडीचा चेंदामेंदा झाला आणि विमा कंपनीने दुसऱ्याच दिवशी नवीकोरी गाडी दारात आणून उभी केली. दोन्ही खोटं. आम्ही सगळे धडधाकट आहोत. आईने म्हसोबाला बोललेला नारळ जरूर फोडावा. कोंबड्याचं मात्र मला विचारल्याशिवाय कबूल करू नये. गाडी तेवढी गेली. म्हणजे इंजिन चालू होतं, गाणी वाजत होती, तरी गेली. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून लगेच आईकडे देता, म्हणून लिहून कळवतो.

दिवाळी उलटली की इकडे हरणं माजावर येतात आणि संध्याकाळच्या वेळी रस्त्यांवर धावत सुटतात. त्यातलं एक आमच्या बॉनेटवर आलं. उठलं, अंग झटकलं आणि रानात निघून गेलं. कागदपत्रं दाखवायला थांबलं नाही. इकडची विम्याची रीत ऐका. हरणाला सरळ धडकलात तर ते 'काँप्रिहेन्सिव्ह'मध्ये बसतं, तुमचा दोष नाही. त्या मुक्या जिवाला वाचवायला स्टिअरिंग फिरवलंत आणि झाडावर गेलात तर ते 'कोलिजन', आणि चूक बहुधा तुमचीच धरतात. भूतदया करायची तर तिचाही हप्ता भरलेला हवा.

बॉनेट, दिवा, रेडिएटर गेला आणि पुढच्या दोन्ही एअरबॅगा फुगल्या. बॉनेटचं काही नाही हो, खरा खड्डा एअरबॅगांनी पाडला. एकदा फुगली की ती घडी घालून परत ठेवता येत नाही; नवी बसवायची, सेन्सर बदलायचे, कधी कधी डॅशबोर्डही. आणि इथल्या मिस्त्रीच्या तासाभराच्या मजुरीत मामांच्या गॅरेजातल्या पोऱ्याचा आठवडा निघेल. गाडी २०१२ची कॅमरी. विमा कंपनीचा माणूस आला, फोटो काढले, संगणकात काहीतरी टाकलं आणि तोंड पाडून म्हणाला, "टोटल लॉस." कोणाच्या घरी वाईट बातमी द्यायला आल्यासारखा.

हिशेब समजा असा. अपघाताच्या आदल्या मिनिटाला गाडीची बाजारातली किंमत ९,००० डॉलर. दुरुस्ती ७,२००. आता तुम्ही म्हणाल, मग करा की दुरुस्त, १,८०० वाचले. तसं नाही. मोडक्या गाडीलाही लिलावात गिऱ्हाईक असतं, समजा २,३०० देणारं. दुरुस्तीचे ७,२०० आणि भंगाराचे २,३०० मिळून झाले ९,५००. किमतीच्या वर गेले, म्हणून गाडी मेली. गंमत पुढेच आहे. हा हिशेब प्रत्येक राज्यात निराळा. शेजारच्या न्यूयॉर्कात दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी बाद, टेक्सासात १०० टक्क्यांपर्यंत धीर धरतात. तेव्हा हडसन नदीच्या एका काठाला मेलेली गाडी दुसऱ्या काठाला जिवंत असू शकते. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या नाशिक हायवेला दोन्ही बाजूंनी जिवंतच असते." त्यांच्याकडे गाडी मरतच नाही. डोळखांब लायनीवर चालणारी ती जीप आठवते ना, जिचं पुढचं तोंड एका जीपचं आणि पाठ दुसरीची?

आता तुमच्या आवडीचा भाग. कंपनीने आधी जी किंमत सांगितली ती ऐकून मला म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार आठवला. तुम्ही रुमालाखाली बोटं दाबायचात आणि समोरचा व्यापारी बैलाचे दात, खूर, शिंगं सगळ्यात खोट काढायचा. इथे रुमालाऐवजी ईमेल, बाकी तेच. त्यांनी आसपास विकायला असलेल्या तशाच गाड्यांची यादी लावली, त्यात जास्त पळालेल्या गाड्या बेताने निवडलेल्या. मी कमी पळालेल्या गाड्यांची यादी पाठवली, नव्या टायरांची पावती जोडली, ऑईल बदलल्याच्या जुन्या पावत्याही. किंमत चढली. वर नव्या गाडीवर पडणारा ६.६२५ टक्के विक्रीकरही मागून घेतला, तो इथल्या नियमात आहे. तुमचा मुलगा शोभलो.

पण अप्पा, तुमचाच सौदा उलटा बसलाय, आणि खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच आहे. इथे गाडीची किंमत ती मेल्यावर ठरते. आपल्याकडे पॉलिसी घेतानाच ठरते, तिलाच आयडीव्ही म्हणतात, आणि वर्षभर तीच धरतात. नव्या गाडीला पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, मग १५, दुसऱ्या वर्षी २०, असं करत पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांपुढे काही तक्ता नाही; कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. तुमच्या वॅगनारला एजंट म्हणाला दोन लाख साठ हजार, आणि तुम्ही त्याला घासून घासून एक लाख ऐंशीवर आणलंत, हप्त्याचे दीड-दोन हजार वाचले म्हणून आईला पेढेही आणलेत. स्वतःच्याच बैलाचा भाव पाडून आलात!

आणि नुसता भाव पडला असता तरी चाललं असतं. आपल्याकडचा नियम असा, की टोचन आणि दुरुस्ती मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. म्हणजे तुमची गाडी एक लाख पस्तीस हजारांच्या खर्चाला बाद. जुन्या आकड्यावर एक लाख पंचाण्णव हजारांपर्यंत जगली असती. माळशेजात एक दगड कोसळला, दीड लाखाचं काम निघालं, तर कंपनी एक लाख ऐंशीतून सक्तीच्या वजावटीचे हजार कापून तुमच्या हातात देणार आणि तेवढ्यात तशी वॅगनार कल्याणच्या बाजारात मिळणार नाही.

पावसाळ्यापूर्वी इंजिनाचं जादा कव्हरही बघा. २००५च्या २६ जुलैला कल्याणात चुलतकाकांची गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी आधी चावी मारून पाहिली. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलं तरी ते बसत नाही. बुडालेली गाडी ढकलत न्यायची, चावीला हात लावायचा नाही. काका अजून विमा कंपनीला शिव्या घालतात, चावीला नाही.

मामा विचारत होते, इथला सांगाडा मीच ठेवून घेतला असता तर? ठेवता येतो, लिलावाचे २,३०० आपल्या पैशातून कापतात आणि कागदावर 'साल्व्हेज' असा शिक्का बसतो. बहुतेक राज्यांत सरकारी तपासणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि नंतरही शिक्का पुसला जात नाही, 'रिबिल्ट' होतो एवढंच. ब्रिटनमध्ये तर २०१७ पासून ए, बी, एस, एन अशा यत्ता केल्या आहेत. ए म्हणजे स्क्रूसुद्धा न काढता दाबून टाका. आपल्याकडे मोडकी गाडी भंगारवाला आरसी बुकासकट उचलतो, तिथेच घोळ होतो. तेच आरसी आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीला लावणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या आहेत. म्हणून मामांना सांगा, गाडी कायमची बाद झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं ५५ कलम. नाहीतर मालक म्हणून मामांच्या दारात पोलीस येतील आणि मामी त्यांना चहा देऊन सगळं खरं सांगून टाकेल.

नवी गाडी अजून घेतलेली नाही. सध्या तुमची सून चालवते त्या गाडीत मी मागच्या सीटवर, मुलांच्या चिवड्यात बसून जातो.

नूतनीकरणाचा कागद आला की पैसे भरण्याआधी फोटो काढून पाठवा. गेल्या वेळी फोटोत तुमचा अंगठा होता, नेमका आयडीव्हीच्या आकड्यावर.

आईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
बाळू