पडला की पाडला?

आमच्या सीमेवरच्या खजुरी गावाकडं पैलवानाच्या पाठीची मातीच साक्ष देते. फुटबॉलात साक्षीला पडदा लागतो. 2018 च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध नेमार असा कलंडला की पंचांनी पेनल्टीच दिली; मग पडद्यावर बघून ती मागे घेतली. सोंगाला मात्र कार्ड नाही! (बिदागी तेवढी राहिली.) 2023 मध्ये बंगळुरूत आयएसएलच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून केरळचा संघ मैदान सोडून गेला, तेव्हा पंचांपाशी पडदाच नव्हता.

ऑफसाइडची रेघ म्हणे आता बोटभर चुकली तरी पकडतात. ती पकडणारी माणसं एकदा इकडं पाठवा. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या रेघेचा वाद 1956 पासून चाललाय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि दोन्ही संघ अजून जमिनीवर लोळतायत.