अपग्रेडकर

अपग्रेडकर ओळखायची खूण म्हणजे त्याच्या कॅबिनेटची डावी बाजू. ती नसते. पत्र्याचं ते झाकण पलंगाखाली असतं आणि त्याचे स्क्रू बडीशेपेच्या रिकाम्या डबीत. झाकण लावायचंच नाही, असं काही त्याने ठरवलेलं नाही. "एक छोटंसं काम राहिलंय, ते झालं की लावतो," असं तो २०१४ सालापासून सांगत आला आहे.

अपग्रेडकर हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं आडनाव नव्हे. ही माणसं चिंचवडला असतात, नाशिकच्या सिडकोत असतात, आणि प्रत्येक सहकारी बँकेत तर निदान एक असतोच. मी ज्याला जवळून पाहतो तो डोंबिवली पूर्वेचा. वय पंचेचाळिशीच्या पुढे, सहकारी बँकेत अधिकारी. वहिनी शाळेत शिक्षिका. मुलगी बारावीला आणि तिचं सगळं जग मोबाइलवर. म्हणजे घरात त्या कॉम्प्युटरकडे बघणारं माणूस एकच, आणि त्यालाही तो वापरायचा नसतो. सुधारायचा असतो.

यंत्र २०११ सालचं. आय-फाइव्ह २४००, चार कोअर, ३.१ गिगाहर्ट्‌झ, एच-६१चा बोर्ड. त्या वर्षी ते भारीच होतं, ह्यात वाद नाही. त्याच वर्षी भारताने वर्ल्ड कप जिंकला. ह्या दोन घटनांपैकी मोठी कुठली, असं विचारलं तर अपग्रेडकर जरा वेळ मागून घेतो. "आता नवाच घेऊन टाका ना," एवढं मात्र त्याला म्हणू नये. चेहरा असा होतो की आपण त्याच्या वडिलांना वृद्धाश्रमात ठेवायला सांगितलं. मग तो शांतपणे म्हणतो, "अहो, ह्यात वाईट काय आहे? फक्त ग्राफिक्स कार्ड टाकलं की झालं."

ह्या 'फक्त'मध्ये त्याच्या आयुष्याची काही वर्षं गेली आहेत.

आधी अभ्यास. घरात महिन्याला किती युनिट वीज जाते हे अपग्रेडकरला ठाऊक नाही, बिल वहिनी भरतात. पण मदरबोर्डावरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर ओढावी लागते. सहा पिनांची असेल तर आणखी ७५, आठ पिनांची असेल तर १५०. त्याच्या एसएमपीएसला दोन्हीपैकी एकही नाही. वरच्या स्टिकरवर '४५० वॅट' छापलेलं आहे, पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसचे वॅट म्हणजे मध्यस्थाने सांगितलेला मुलाचा पगार. चौकशी केली की कमी होतो.

त्यामुळे जगातली सगळी ग्राफिक्स कार्डं त्याच्या लेखी दोनच प्रकारची: वेगळी वायर न मागणारी आणि इतरांची. २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय हे पहिल्या प्रकारातलं. तेव्हा त्याने ते घ्यायचं ठरवलं आणि झाकण काढलं. (झाकणाची कथा इथे सुरू होते.) पण "पुढचं येऊ दे, हे स्वस्त होईल" म्हणून थांबला. २०१६च्या ऑक्टोबरात १०५० टीआय आलं. ४ जीबी, बरोबर ७५ वॅट, वायर नको. हे आपल्यासाठीच बनवलंय, अशी त्याची खात्री पटली आणि तो पुन्हा थांबला. २०१९मध्ये १६५० आलं. त्यातली काही मॉडेलं बिनवायरची, काही सहा पिनांची, म्हणून त्याने एक तक्ता केला. हा तक्ता बँकेच्या कोऱ्या व्हाउचरांच्या पाठीवर आहे आणि फार देखणा आहे.

मग २०२२ सालचं आरएक्स ६४०० पाहण्यात आलं. फक्त ५३ वॅट! दोन दिवस तो आनंदात होता. तिसऱ्या दिवशी एका साखरपुड्याच्या बुफेच्या रांगेत माझ्यामागे उभं राहून त्याने मला त्यातला घोळ समजावला.

"स्लॉट सोळा लेनचा आहे. हे कार्ड चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर चालून जातं, तिथे प्रत्येक लेनचा वेग माझ्या चौपट. माझ्याकडे लेनही चारच आणि वेगही जुना. मग कोंडी होणार नाही तर काय?"

मागचे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. ते उसळून म्हणाले, "अहो, रोज दीड तास! कल्याण-शीळ रस्त्याबद्दल तर बोलूच नका." पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांना दुजोरा देत जेवले. आपण वेगवेगळ्या विषयांवर बोलतोय हे शेवटपर्यंत एकालाही कळलं नाही, आणि माझ्या मते कळायची गरजही नव्हती.

खरेदीला मात्र तो लॅमिंग्टन रोडलाच जातो. पाटीवर ह्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण त्या नावाने कुणी रॅम विकत घेतल्याचं ऐकिवात नाही. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त मिळत असलं तरी तो डोंबिवलीहून दादर, दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोड असा जातो, कारण वस्तू हातात घेऊन वास घेतल्याशिवाय त्याला भाव ठरवता येत नाही. वास ही थट्टा नाही. सेकंडहँड कार्ड तो खरोखर नाकाशी धरतो. दिवसरात्र तापलेल्या कार्डाचा वास वेगळा येतो म्हणे. मग पंख्याचं पातं बोटाने फिरवतो, स्क्रूवरचं गोल स्टिकर फाटलंय का पाहतो, आणि शेवटी तो प्रश्न विचारतो.

"मायनिंगचं तर नाही ना?"

"साहब, मायनिंग का माल हम रखते ही नहीं. एक लडके का है, एक्झाम आ गयी इसलिए बेच दिया."

लॅमिंग्टन रोडवरचं प्रत्येक जुनं कार्ड परीक्षा आलेल्या मुलाचं असतं. इतकी मुलं अभ्यासाला लागली असती तर महाराष्ट्राचा निकाल वेगळा दिसला असता.

मायनिंगशी अपग्रेडकरचं जुनं वैर आहे. २०२१ साली क्रिप्टो खणणाऱ्यांनी कार्डं गोळा केली, त्यात चिप्सची टंचाई, आणि भाव इतके चढले की कंपनीला ते २०१६ सालचं १०५० टीआय पुन्हा बाजारात पाठवावं लागलं. पाच वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी तो थांबला होता तेच कार्ड, आता तेव्हापेक्षा महाग. त्या काळात तो दुकानाच्या काचेपर्यंत जाऊन परत येई. पुढे १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांनी ते खणणं बंद झालं आणि जुनी कार्डं बाजारात आली. बँकेचे व्याजदर कधी बदलले हे तो परिपत्रक बघून सांगतो. ही तारीख त्याला तोंडपाठ आहे.

तर अखेर त्याने ते घेतलं. १०५० टीआय, सेकंडहँड, सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेत डब्याखाली ठेवून, गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून घरी आणलं.

बसवण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी. वहिनींच्या हातात टॉर्च. ब्लोअरने धूळ उडवायची म्हणून मुलीला गॅलरीत पाठवलेलं. अंगातली वीज उतरावी म्हणून अपग्रेडकर आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावतो, मग सवयीने तोच हात कपाळाला. कार्ड स्लॉटपाशी नेलं आणि थांबलं. दोन पंख्यांचं लांब मॉडेल, आणि पुढे हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा. जागा नेमकी एक सेंटिमीटर कमी.

अशा वेळी दुसरा माणूस कार्ड बदलून आणील. ह्याने कानस काढली. वहिनींनी एवढंच विचारलं, "अहो, पण लोखंडाचा कीस आत पडणार नाही का?" त्या भूगोल शिकवतात. प्रश्न इतका बिनतोड होता की हार्ड डिस्क पिंजऱ्यातून काढून कॅबिनेटच्या तळाशी दुहेरी टेपने चिकटवण्यात आली. ती अजून तिथेच आहे.

कार्ड बसलं. कट् असा आवाज करून स्लॉटची खिट्टी लागली. मग मॉनिटरची वायर. मॉनिटर साडेअठरा इंची, त्याला फक्त निळी व्हीजीए. कार्डाच्या पाठीवर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि एक डीव्हीआय. ह्या पिढीपासून कार्डांनी जुना अ‍ॅनालॉग सिग्नल सोडूनच दिला, हे त्याच्या तक्त्यात नव्हतं. तक्ता वॅटचा होता. ड्रॉवरमध्ये डीव्हीआयचा एक पांढरा कन्व्हर्टर निघाला, पण त्याला चार पिना जास्त आणि कार्डावर त्या चार पिनांना भोकंच नाहीत. त्याने पक्कड हातात घेतली तेव्हा वहिनींनी टॉर्च बंद केला.

संध्याकाळी स्टेशनजवळून एचडीएमआयचा कन्व्हर्टर आला. तो जोडला, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. मग बायोस, मग कॅबिनेटच्या मागे आडवं पडून बराच वेळ काहीतरी. शेवटी मुलीने गॅलरीतून येऊन वायर मदरबोर्डाच्या भोकातून काढून कार्डाच्या भोकात घातली आणि ती जेवायला बसली. ही चूक जगात कार्ड बसवणारा प्रत्येक जण एकदा करतो. आपण केलेली नाही असं अपग्रेडकर सांगतो.

इतकं झाल्यावर माणूस खेळेल, असं तुम्हाला वाटेल. त्याने जीटीए फाइव्ह टाकला आहे खरा. हा खेळ कॉम्प्युटरवर २०१५ साली आला आणि त्याची सुरुवात बर्फाळ गावातल्या बँकेवरच्या दरोड्याने होते. अपग्रेडकर हा दरोडा घालतो, पण त्याची नजर तिजोरीवर नसते. ती कोपऱ्यातल्या एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याच्या, आकड्यावर असते. आकडा ५२वरून ४४वर आला की तो खेळ बंद करतो, सावल्यांची एक सेटिंग खाली आणतो आणि पुन्हा पहिल्यापासून दरोडा सुरू. ह्या खेळात पुढे एक अख्खं शहर आहे, समुद्र आहे, विमानं आहेत, हे त्याला ऐकून माहीत आहे. बर्फातून तो अजून बाहेर पडलेला नाही. सहकारी बँकेतला निष्कलंक अधिकारी रोज रात्री जेवण झाल्यावर तीच एक बँक लुटतो आणि लुटीचा पैसा खर्च करायच्या आत सेटिंग बदलायला परत येतो.

आकडा खाली का येतो, ह्याचाही शोध लागला. कार्ड मोकळं बसलेलं असतं, प्रोसेसर धापा टाकत असतो. खेळाच्या शिफारशीत आय-फाइव्ह ३४७० लिहिलेला, ह्याचा त्याच्या आधीच्या पिढीचा. "म्हणजे आता फक्त प्रोसेसर!" असं म्हणताना त्याच्या आवाजात जे सुख होतं, ते मी त्याच्या बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्याच सॉकेटमध्ये आय-सेव्हन २६०० बसतो. त्याला थंड ठेवायला बरा पंखा हवा. तो पंखा उंच, म्हणजे झाकण लागत नाही. (पाहिलंत?) आणि एवढं सगळं ओढायला एसएमपीएस तर बदलायलाच हवा. तो बदलला की आठ पिनांची वायर येणार. आणि आठ पिनांची वायर आली की ७५ वॅटच्या कार्डावर समाधान मानायचं कारण काय?

आतापर्यंत ह्या सुधारणांत नव्या कॉम्प्युटरइतके पैसे गेले असावेत असा माझा अंदाज आहे. त्याचा अंदाज नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जांचे हप्ते जुळवणारा हा माणूस ह्या एकाच खात्याची बेरीज करत नाही. वहिनींनी ती केलेली आहे, आणि योग्य वेळेसाठी राखून ठेवलेली आहे.

त्याला खरा धक्का दुकानदाराने दिला नाही, वहिनींनीही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं सहसा काही बसत नाही. ह्याचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा. "कालबाह्य म्हणतात हो त्याला," असं तो मला जिन्यात सांगत होता. त्या आठवड्यात त्याने लिनक्स टाकलं, मग विंडोज टाकलं, मग दोन्ही टाकलं. आता चालू करताना पडद्यावर प्रश्न येतो की कुठलं हवंय, आणि त्याला हा प्रश्न फार आवडतो.

अशा माणसाला हसणं सोपं आहे. पण आमच्या इमारतीतले कित्येक बंद पडलेले कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर जाऊन चालते झाले आहेत. जोशीआजींच्या कॉम्प्युटरला सर्व्हिसवाल्याने नवा बोर्ड सांगितला होता. ह्याने रॅमची काडी काढली, खोडरबराने पिना घासल्या, परत बसवली आणि चहा घेऊन घरी आला. पैसे घेत नाही. मोबदल्यात एकच विचारतो, "ह्यात एसएमपीएस कुठला आहे हो, जरा बघू का?"

तुमच्याकडे डीडीआर-थ्रीची ४ जीबीची एखादी काडी ड्रॉवरमध्ये पडून असेल तर भंगारात देऊ नका. त्याच्या बोर्डावर एक स्लॉट अजून रिकामा आहे. आणि झाकणाबद्दल त्याला विचारू नका, ते तो लावणारच आहे.