हवा धरली

नाशकात गाडीचं बोनेट एकट्याने उघडता येत नाही. उघडायचं आपण, पण आत वाकणारी डोकी सगळ्या गल्लीची. त्यातून घर सिडकोत असेल तर विचारूच नका. अंबडची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, सातपूरची जरा पलीकडे. त्यामुळे आमची निम्मी गल्ली महिंद्रातून रिटायर झालेली आणि उरलेली मायकोतून. मायकोचं नाव २००८ साली बॉश झालं, पण हे रिक्षावाल्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे, आणि आमच्या शेजारचे काकाही मायकोवालेच.

धाकट्या भावाची जुनी पिकअप आहे. टोमॅटोची कॅरेटं बाजार समितीत उतरवून तो आमच्याकडे चहाला आला आणि निघायच्या वेळी गाडीने दारातच मान टाकली. स्टार्टर फिरायचा, इंजिन दोन उचक्या द्यायचं की पुन्हा गप्प. फीड पंप गेला होता. पंप कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. नाशकात प्रत्येक कंपनीत आपला एखादा मेहुणा असतोच. गॅरेजवाला सोमवारी येतो म्हणाला, पण कुठल्या सोमवारी ते बोलला नाही. भावाने नवा पंप आणला आणि म्हणाला, "दादा, उद्या रविवार आहे, घरीच बसवू. तू फक्त बॅटरी धर."

फीड पंपाचं काम तसं शिपायाचं. टाकीतलं डिझेल ओढायचं, फिल्टरमार्गे मोठ्या पंपाकडे पोचवायचं. आत एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन वाल्व. पण शिपाई रजेवर गेला की साहेबाचं जे होतं तेच मोठ्या पंपाचं होतं. रविवारी बोनेट उघडताच मायकोवाले आणि महिंद्रावाले असे दोन काका आत वाकले, आणि मायकोवाले काका एवढं सांगून थांबणारे नव्हते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात इंधन फुंकायला म्हणे हवेचा कॉम्प्रेसर लागायचा; एवढं धूड ट्रकात बसवायचं कुठे? मग बॉशने १९२७ साली इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतला आणि डिझेलच्या ट्रकांचं नशीब उघडलं. "म्हणजे बघा, ज्या इंजिनाचा जन्म हवेच्या फुंकरीवर, त्याला आता डिझेलमध्ये बुडबुडाभर हवा सोसत नाही!" काकांनी हे सांगितलं तेव्हा भावाचा हात कोपरापर्यंत इंजिनात होता आणि शेवटचा नट नेमका पंपाच्या पाठीमागे होता. तिथे हात जातो पण पाना जात नाही, पाना गेला तर फिरत नाही. असा नट तिथे कुणी ठेवला असेल, यावर महिंद्रावाल्या काकांनी मायकोवाल्यांकडे बघितलं. मायकोवाल्यांनी आभाळाकडे.

जुना पंप निघाला. नव्याच्या खोक्यात तांब्याचे वायसर नव्हते आणि रविवारची दुकानं बंद. जुने वायसर दाबून दाबून कडक झालेले. तसेच लावले तर हवा धरणार. या जोडात गंमत अशी की गळती असली तरी बाहेर थेंब पडत नाही. पंप ओढत असतो, त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते.

"लाल करा," महिंद्रावाले म्हणाले.

"लाल करून पाण्यात टाका," मायकोवाले म्हणाले. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं उलट नरम पडतं. एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्वयंपाकघरात आईची भाकरी तव्यावर होती. तिने तवा उतरवला, चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डिझेलचा वास लागलेली भाकरी तुमच्याच ताटात येईल." वायसर ज्योतीवर आधी काळा पडला, मग कडेने जांभळट झाला आणि एकदम लालबुंद. पाण्यात सोडला तर चुर्र झालं, काळी साय सुटून खाली बसली आणि वर आलं गुलाबी, कोरं तांबं. आई वाकून बघत राहिली. "माझा तांब्या असा निघेल का रे?" मी ऐकलं नाही असं केलं.

पंप बसला, तरी हवा काढायचं राहिलं होतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी नुसती फसफस, मग फेस, मग बुडबुडे, मग धार. स्वच्छ धार लागली की स्क्रू आवळायचा. या कामाला गल्लीत स्वयंसेवकांची ददात नव्हती. मिसळ खायला निघालेली पोरंसुद्धा मोटरसायकली उभ्या करून प्रायमर दाबून गेली.

भावाने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडायला लागलं. पांढऱ्या धुराचा लोट समोरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांतून आरपार गेला. वहिनी गच्चीतून जे बोलल्या ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, हे त्या इंजिनाचे उपकार.

भाऊ गाडी काढून गावाकडे गेला. दोन्ही काका मात्र रस्त्यात तसेच उभे. महिंद्रावाल्यांच्या हातात पाना होताच. मायकोवाले माझ्या स्कूटरकडे बघत म्हणाले, "परवापासून हिचा आवाज जरा वेगळा येतोय, नाही?"